जनावराचं नत्र १० टक्के, शेताचं २३७ टक्के: प्रोजेक्टचा ताळेबंद कुठे फसतोय?

नवा_गोठा

पशुविज्ञान आणि शाश्वत शेती, तिसरं वर्ष. प्रोजेक्टला एका मिश्र शेताचा नत्राचा ताळेबंद आणि मिथेनचा अंदाज काढायचा आहे. आकडे असे:

दहा दुभत्या गाई, वजन सरासरी ५०० किलो, दूध दिवसाला १५ किलो, फॅट ४.०, प्रथिनं ३.३ टक्के. जमीन ४ हेक्टर: २.२ मका (सगळा मुरघासाला), ०.८ लसूणघास, १ हेक्टर कुरण. वर्षाला युरिया १,००० किलो. खुराक आणि पेंढा विकतचा, बाकी वैरण घरची. शेणखत सगळं स्वतःच्याच शेतात. वर्षाला साधारण १,२०० किलो जिवंत वजनाची जनावरं विकली जातात.

एका गाईला दिवसाला:
मक्याचा मुरघास २० किलो (प्रथिनं ८ टक्के)
हिरवा लसूणघास १० किलो (२० टक्के)
पेंढा २ किलो (४ टक्के)
खुराक ६ किलो (पोत्यावर २० टक्के)

एकूण खाद्य ३८ किलो, प्रथिनं ४,८८० ग्रॅम, म्हणजे १२.८ टक्के. ६.२५ ने भागून नत्र ७८१ ग्रॅम. दुधातून ७९ ग्रॅम बाहेर, म्हणजे गाईची नत्र-कार्यक्षमता १० टक्के. गाईच्या पोटातून निघणारा मिथेन आयपीसीसीच्या (हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या) सूत्राने दिवसाला ८१९ ग्रॅम.

शेताच्या पातळीवर आत येणारं नत्र (खुराक, पेंढा, युरिया) १,२०३ किलो, बाहेर जाणारं (दूध आणि शेणखत) २,८५० किलो. कार्यक्षमता २३७ टक्के! मार्गदर्शकांनी त्यावर नुसतं लाल वर्तुळ काढून परत दिलंय.

दुधाच्या रिपोर्टात युरिया २८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आहे. पुस्तकात १० ते १६ बरं म्हटलंय. म्हणजे प्रथिनं जास्त जातायत हे तरी पक्कं ना?

---

कोठीपोट

पक्कं नाही. दोन वेगळ्या गफलती एकाच बाजूला ओढतायत, म्हणून एकीने दुसरी खरी वाटतेय.

मुरघासाचे ८ आणि लसूणघासाचे २० टक्के हे शुष्क पदार्थावरचे (पाणी काढल्यावर उरणाऱ्या मालावरचे) आकडे आहेत. तुम्ही ते ओल्या वजनाला लावलेत. २० किलो मुरघासात तेरा-चौदा किलो पाणीच आहे, त्यात प्रथिनं कुठली? खुराकाचं मात्र उलट: पोत्यावरची टक्केवारी सहसा पोत्यातल्या मालावर, ओलाव्यासकट दिलेली असते, तिला पुन्हा ०.९ ने गुणायचं नाही. पोत्यावर 'शुष्क आधारावर' असं स्पष्ट छापलं असेल तरच गुणा.

मुरघासाचा शुष्क पदार्थ ३२ टक्के, लसूणघासाचा २०, पेंढा आणि खुराकाचा ९० धरून:

मुरघास ६.४ किलो शुष्क, प्रथिनं ५१२ ग्रॅम
लसूणघास २.० किलो, ४०० ग्रॅम
पेंढा १.८ किलो, ७२ ग्रॅम
खुराक ५.४ किलो, १,२०० ग्रॅम
एकूण १५.६ किलो, २,१८४ ग्रॅम

म्हणजे शुष्क आधारावर १४.० टक्के. नत्र ३४९ ग्रॅम. तुमचे १२.८ टक्के दिसायला शहाणे आहेत, म्हणून चूक लपली. ४,८८० ग्रॅम प्रथिनांना १५.६ किलोने भागून बघा, ३१ टक्के येतात. एवढं प्रथिन गाईच्या कुठल्याच समतोल आहारात नसतं. २० टक्क्यांच्या वर काही निघालं की तिथेच थांबायचं आणि मागे जाऊन एकके तपासायची.

१५.६ किलो गाई खातील का, हेही पडताळून घ्या. दुभत्या गाई दिवसाला किती शुष्क पदार्थ खातात त्याच्या एनआरसी (अमेरिकेची नॅशनल रिसर्च कौन्सिल) २००१ च्या सूत्राचा मुख्य भाग: ०.३७२ × (४ टक्के फॅटचं दूध) + ०.०९६८ × (वजनाचा ०.७५ घात). तुमच्या गाईंना ५.५८ + १०.२३ = १५.८ किलो. जुळलं. (विण्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत भूक कमी असते, त्यासाठी सूत्रात आणखी एक गुणक आहे. कळपाच्या सरासरीला तो सोडला तरी चालतं.)

दुधाच्या प्रथिनाला ६.२५ नाही, ६.३८ ने भागतात. ४९५ ग्रॅम प्रथिनं म्हणजे ७७.६ ग्रॅम नत्र. कार्यक्षमता ७७.६ ÷ ३४९ = २२ टक्के. दुभत्या गाईत २० ते ३० च्या दरम्यान असणं स्वाभाविक आहे.

आता दुधातला युरिया. पुस्तकातले १० ते १६ हे दुधातल्या युरिया-नत्राचे आहेत. तुमचा रिपोर्ट युरियाचा दिसतोय. युरियाच्या रेणूत ६० पैकी २८ भाग नत्र, म्हणून २.१४ ने भागा: २८ ÷ २.१४ = १३. अगदी मधोमध. प्रयोगशाळेला नक्की काय मोजलं ते विचाराच. काही ठिकाणी मिलिमोल प्रति लिटरमध्येही देतात, तो आकडा आणखी वेगळा दिसतो.

मिथेनचीही तीच कथा. १८.४५ मेगाज्यूल ही एक किलो शुष्क पदार्थाची ऊर्जा. १५.६ × १८.४५ = २८८. त्यातले मिथेनमध्ये जाणारे ६.५ टक्के १८.७, भागिले एक किलो मिथेनची ऊर्जा ५५.६५ = ०.३३६ किलो. ३३६ ग्रॅम. पडताळणीला एक सोपा आकडा लक्षात ठेवा: खाल्लेल्या एक किलो शुष्क पदार्थामागे साधारण २० ते २२ ग्रॅम मिथेन. ८१९ ग्रॅम द्यायला गाईला ३८ किलो कोरडं खावं लागेल.

---

मुरघासवाली

+१. पण वरचं सगळं गणित ३२ टक्क्यांवर उभं आहे. ते ३२ मोजलेले आहेत की तक्त्यातले? २० किलो मुरघासात शुष्क पदार्थ ३२ वरून २७ वर आला तर गाईच्या पोटात सरळ १ किलो कमी गेला. पाऊस पडून मुरघासाचं तोंड भिजलं की एवढा फरक सहज पडतो आणि गोठ्यात कुणाला कळतही नाही, कारण काट्यावर २० किलोच दिसतात.

नमुना खड्ड्याच्या एका कोपऱ्यातून उचलू नका. कापलेल्या तोंडावर वर-मधे-खाली मिळून आठ-दहा जागांचा माल काढायचा, ताडपत्रीवर मिसळायचा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. वरचा बुरशीचा थर नमुन्यात नको, तो गाईलाही नको. पिशवीतली हवा काढून थंड ठेवून पाठवा. उन्हात गाडीत राहिलेल्या नमुन्याचं विश्लेषण करून उपयोग नाही.

गोठ्यातच मायक्रोवेव्हवर शुष्क पदार्थ निघतो. १०० ग्रॅम मुरघास पातळ पसरा, आत कोपऱ्यात पाण्याचा ग्लास ठेवा (नाहीतर शेवटी माल पेटतो), सुरुवातीला तीन मिनिटं, मग एक-एक मिनिट, दर वेळी हलवून वजन. दोन वजनं सारखी आली की थांबा. उरलेले ग्रॅम म्हणजेच टक्के. करपल्याचा वास आला तर तो नमुना बाद.

प्रयोगशाळेत १०५ अंशांवर ठेवलेल्या मुरघासातून पाण्याबरोबर आम्लं आणि अल्कोहोलही उडतं, म्हणून शुष्क पदार्थ खऱ्यापेक्षा थोडा कमी दिसतो. शिवाय प्रथिनं आणि तंतू मोजायचे असतील तर १०५ वर वाळवायचंच नाही. जास्त उष्णतेत प्रथिनं साखरेशी जखडतात आणि तंतूंच्या आकड्यात शिरतात. त्यासाठी ६० ते ६५ अंश, ४८ तास.

इथे विद्यार्थ्यांचा हमखास पाय घसरतो. ६० अंशांवर वाळवलेल्या नमुन्यात पाच-आठ टक्के ओलावा उरलेलाच असतो. समजा जेल्डालला (नत्र मोजायची पद्धत) १ ग्रॅम नमुना घेतला, ०.१ नॉर्मल आम्ल, ब्लँक (नमुन्याशिवाय केलेली चाचणी) वजा करून ९.५ मिलिलिटर लागलं. नत्र = ९.५ × ०.१ × १.४००७ ÷ १ = १.३३ टक्के, प्रथिनं ८.३. पण नमुन्यात ६ टक्के ओलावा असेल तर शुष्क आधारावर ८.३ ÷ ०.९४ = ८.८. त्याच दळलेल्या नमुन्याचा थोडा भाग १०५ वर ठेवून हा ओलावा वेगळा काढावाच लागतो. ब्लँक वजा न करणं ही दुसरी नेहमीची चूक. आणि प्रत्येक फेरीत अमोनियम सल्फेटचा एक नमुना ऊर्ध्वपातनाला लावा. त्यातलं नत्र ९९ टक्क्यांखाली मिळालं तर उपकरणातून अमोनिया गळतोय, बाकीचे आकडे लिहूच नका.

अजून एक. तुम्ही घातलेलं खाद्य धरलंय, खाल्लेलं नाही. सकाळी गव्हाण झाडून उरलेली वैरण तोला, सलग पाच-सात दिवस, आणि तिचाही शुष्क पदार्थ काढा. गाई पानं आणि बारीक भाग निवडून खातात, जाड दांडोरा ठेवतात. म्हणजे उरलेल्यात प्रथिनं कमी असतात, आणि घातलेल्या वैरणीचीच टक्केवारी उरलेल्यालाही लावलीत की पोटात गेलेलं नत्र खऱ्यापेक्षा कमी निघतं.

---

नत्रगुप्त

२३७ टक्क्यांकडे वळू या. हा आकडा सीमारेषेमुळे आलाय, एककांनी तो फक्त फुगवलाय.

फाटकावरचा ताळेबंद करायचा तर फाटक एकच. जे फाटकातून आत आलं ते आवक, जे बाहेर गेलं ते जावक. शेणखत गोठ्यातून शेतात गेलं, फाटक ओलांडलंच नाही. घरचा मुरघासही तसाच. दोन्ही वगळा. ते हवे असतील तर गोठ्याचा आणि मातीचा असे दोन वेगळे ताळेबंद मांडा, पण तिन्हींची मिसळ करू नका.

आवक:
खुराक: २१,९०० किलो × २० टक्के ÷ ६.२५ = ७०१ किलो
पेंढा: ६,५७० किलो शुष्क × ४ टक्के ÷ ६.२५ = ४२
युरिया: १,००० × ४६ टक्के = ४६०
लसूणघासाने हवेतून घेतलेलं: १४६

ही शेवटची ओळ तुमच्याकडे नव्हतीच. द्विदल चाऱ्याचा ढोबळ नियम: कापलेल्या एक टन शुष्क चाऱ्यामागे सुमारे २० किलो नत्र हवेतून. वर्षाला ७.३ टन, म्हणून १४६. लसूणघासात टनाला ३२ किलो नत्र असतं, त्यातलं बाकीचं तो मातीतून उचलतो. ज्या प्लॉटवर शेणखत जास्त पडतं तिथे तो आळशी होतो आणि हवेतलं कमी घेतो, हे अहवालात एका ओळीत लिहा.

जावक:
दूध: ५४,७५० किलो × ३.३ टक्के ÷ ६.३८ = २८३
विकलेली जनावरं: १,२०० किलो × सुमारे २.५ टक्के = ३०

३१३ ÷ १,३४९ = २३ टक्के. शिल्लक १,०३६ किलो, हेक्टरी २५९. ही शिल्लक कुठे गेली ते हा ताळेबंद सांगत नाही. थोडी अमोनिया होऊन हवेत, थोडी नायट्रेट होऊन खाली पाण्यात, थोडी मातीच्या सेंद्रिय भागात. 'एवढं नत्र वाया गेलं' असं लिहू नका, 'एवढ्याचा हिशेब फाटकावर लागत नाही' असं लिहा.

---

नवा_गोठा

सर्वांचे आभार. मायक्रोवेव्हवर मुरघास ३२ च्या आसपासच निघाला, आणि प्रयोगशाळेने मोजला होता तो युरियाच, युरिया-नत्र नव्हे. आता पुढचा भाग: मार्गदर्शकांना एक शिफारस हवी आहे.

गाईंच्या शेणा-मुतातून वर्षाला (३४९ − ७७.६) × १० × ३६५ = ९९२ किलो नत्र. साठवणीत ४० टक्के गेलं असं धरलं तर ५९५ किलो शेतात पोचतं. मक्याच्या मुरघासात मात्र वर्षाला २९९ किलोच नत्र आहे. म्हणजे शेणखतच दुप्पट पुरतंय. युरिया पूर्ण बंद असं सुचवू का? की खुराकातली प्रथिनं कमी करा असं?

---

बांधावरचा

पूर्ण बंद सुचवलंत तर पहिल्याच हंगामात मका पिवळा पडेल आणि शाश्वत शेतीला नावं ठेवायला लोक तयारच असतात.

२९९ किलो हे गव्हाणीतल्या मुरघासाचे. कापणी ते गव्हाण १२ टक्के घट धरा, म्हणजे उभ्या पिकाने ३४० किलो घेतलं, हेक्टरी १५४. दुसरं, घट्ट शेणखतातलं नत्र पहिल्याच वर्षी सगळं मिळत नाही, साधारण तिसरा हिस्सा मिळतो. ५९५ किलो सगळं २.२ हेक्टर मक्यावर टाकलं तरी हेक्टरी २७०, त्यातलं पिकाला ९०. तूट ६४. युरियाचं नत्र पिकाच्या पदरात साठ टक्के पडतं असं धरा: ६४ ÷ ०.६ = १०७ किलो हेक्टरी, २.२ हेक्टरला २३५ किलो नत्र, म्हणजे साधारण ५१० किलो युरिया.

तर शिफारस: युरिया निम्मा. मागच्या वर्षांच्या शेणखतातून जे सुटतं ते यात धरलेलं नाही. मातीपरीक्षण आणि एक बिनखताचा पट्टा यांवर आणखी कमी करता येईल. बिनखताचा पट्टा जरूर ठेवा, दहा मीटर रुंद पुरे. मातीने स्वतःहून किती दिलं ते त्याच्याशिवाय कळत नाही. उरलेला युरिया दोन हप्त्यांत, दुसरा गुडघाभर मक्याला, आणि ओल असताना मातीआड. कोरड्या जमिनीवर फेकलेला युरिया अमोनिया होऊन जातो, मग साठ टक्क्यांचं गृहीतक विसरा.

पण सगळं शेणखत दरवर्षी मक्यावरच, असं अहवालात लिहू नका. स्फुरदाचा (फॉस्फरसचा) हिशेब करून बघा. आहारात फॉस्फरस ०.४ टक्के धरला तर गाईच्या पोटात दिवसाला ६२ ग्रॅम, दुधातून १३.५ ग्रॅम बाहेर, उरलेला ४९ ग्रॅम शेणात. वर्षाला १७८ किलो. सगळा मक्यावर टाकला तर हेक्टरी ८१ किलो, आणि मका उचलणार २३-२४. चारही हेक्टरांवर पसरला तरी ४५. नत्र साठवणीत हवेत उडतं, फॉस्फरस कुठेच उडत नाही. म्हणून नत्राच्या मापाने शेणखत टाकणारी शेतं फॉस्फरसने भरत जातात. खनिज मिश्रणातला फॉस्फरस आधी तपासा, खुराकातूनच पुरेसा जात असेल तर मिश्रणात तो कमी असलेलं घ्या. तरी शिल्लक राहिली तर थोडं खत फाटकाबाहेर विकणं हाच उपाय. (खताच्या पोत्यावरचं स्फुरद ऑक्साइडच्या रूपात असतं, मूलद्रव्य काढायला ०.४३६ ने गुणा.)

साठवणीतले ४० टक्के हे तुमचं गृहीतक सर्वांत मोठं आहे. २० आणि ५५ घेऊनही एकदा गणित चालवा. शेण आणि मूत एकत्र आलं की शेणातलं युरिएज हे विकर मुतातला युरिया काही तासांत फोडायला लागतं. मूत वेगळं वाहून जाणारी उताराची नाली आणि झाकलेला खड्डा, एवढ्याने हा आकडा खाली येतो. तुमच्या शेताची नाली कशी आहे ते बघून या आणि मग आकडा निवडा.

---

कोठीपोट

खुराकाचंही करून दाखवतो, म्हणजे तुलना समोर राहील. २० ऐवजी १८ टक्के प्रथिनांचा खुराक, तेवढाच ६ किलो. रोज १२० ग्रॅम प्रथिनं कमी, आहार १४.० वरून १३.२ टक्क्यांवर. दूध तेवढंच राहिलं तर कार्यक्षमता २२ वरून २३.५. वर्षाला खरेदीतलं ७० किलो नत्र वाचतं. युरिया निम्मा केल्याने २२५ किलो वाचतं आणि शेताची कार्यक्षमता २३ वरून जवळजवळ २८ वर जाते. त्यामुळे आधी हात घालायचा तो युरियाच्या पोत्याला.

प्रथिनं कमी केली की आधी मुतातलं नत्र घटतं आणि अमोनिया होऊन उडणारं तेच असतं, हा फायदा मान्य. पण युरिया-नत्र आधीच १३ आहे. आहारातली प्रथिनं १२-१३ टक्क्यांखाली नेलीत की कोठीपोटातल्या जीवाणूंना नत्र अपुरं पडतं, तंतू कमी पचतात, गाय कमी खाते, आणि दूध घसरलं की किलोमागचा मिथेन उलट वाढतो. करायचंच असेल तर दहा-चौदा दिवसांत टप्प्याटप्प्याने, आणि युरिया-नत्राची तुलना नेहमी त्याच वेळच्या दुधाशी. चारा घातल्यानंतर काही तासांनी ते चढतं, त्यामुळे सकाळच्या आकड्याशी संध्याकाळचा ताडून काही कळत नाही. एका गाईचा नमुना तर घेऊच नका, टाकीतला घ्या.

---

नत्रगुप्त

हरितगृह वायूंची ओळ देताना: पोटातला मिथेन ३३६ ग्रॅम ÷ १५ किलो = दुधाच्या किलोमागे २२.४ ग्रॅम. आयपीसीसीच्या सहाव्या अहवालातला जैविक मिथेनचा शंभर वर्षांचा गुणक (तो कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापवतो) २७, म्हणजे ०.६० किलो कार्बन डायऑक्साइड-समतुल्य. पाचव्या अहवालात हा गुणक २८ होता. कुठलाही घ्या, पण नायट्रस ऑक्साइडला त्याच अहवालातला घ्या. सहाव्यात तो २७३.

शेतात पडणारं नत्र सध्या ४६० + ५९५ = १,०५५ किलो. आयपीसीसीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेतल्या १ टक्का गुणकाने (टाकलेल्या नत्रातलं एवढं नायट्रस ऑक्साइड होऊन जातं): १०.५५ × ४४/२८ = १६.६ किलो नायट्रस ऑक्साइड, समतुल्य सुमारे ४,५०० किलो, दुधाच्या किलोमागे ०.०८. युरिया निम्मा केल्यावर ०.०६५. पोटातल्या मिथेनपुढे ही बचत लहान दिसते. ती तशीच लिहा, फुगवू नका. युरिया कमी करण्याचं खरं कारण इथे खर्च आणि नायट्रेट आहे.

मिथेनचे ६.५ टक्के हा २००६ च्या मार्गदर्शिकेतला आकडा, अधिक-उणे १ असा. २०१९ च्या सुधारणेत तो दूध उत्पादनानुसार वेगळा आहे, वर्षाला ५,००० ते ८,५०० किलो दुधाच्या गाईंना ६.३. नुसता ५.५ ते ७.५ एवढा पल्ला घेतला तरी मिथेन २८४ ते ३८८ ग्रॅम होतो. अहवालात हा पल्ला द्या, ३३६.२ असा दशांश देऊ नका.

आणि दूध फॅट-प्रथिनांनुसार सुधारून घ्या: दूध × (०.१२२६ × फॅट + ०.०७७६ × प्रथिनं + ०.२५३४). तुमच्या ४.० आणि ३.३ ला कंसातला आकडा १ येतो, म्हणून फरक पडत नाही. दुसऱ्या शेताशी तुलना करायला घेतलीत की पडेल. भाकड गाई आणि कालवडी हिशेबात कुठेच नाहीत, त्याही खातात आणि ढेकर देतात. कुरण त्यांच्यासाठीच असणार. त्यांचं खाद्य मिळालं नाही तर निदान 'फक्त दुभत्या गाई' असं तक्त्याच्या मथळ्यातच लिहा, तळटिपेत नको.